सतराव्या वाटेवरची मोरी

थोरली गाडी चालवायची आणि धाकटी आकडे लिहायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. थोरलीचं अक्षर म्हणजे मुंगळ्याने शाईत पाय बुडवून मारलेला फेरफटका, आणि धाकटीला गाडी फक्त पुढे नेता यायची, मागे घेता यायची नाही. तेव्हा कामं वाटून घ्यायला दोघींना बैठक बोलवावी लागली नव्हती.

काम होतं वाटवहीचं. गावामागे जे डोंगर सुरू होतात ते संपायचं नावच घेत नाहीत, आणि त्यांच्यावरचं जंगल इतकं दाट की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी जाड पांघरूण टाकून खाली काहीतरी लपवलंय. लपवलेले असतात ते रस्ते. लाकूडवाल्यांनी पाडलेले, खाणवाल्यांनी टाकून दिलेले, पाण्याने अर्धेमुर्धे खाल्लेले. तिथे पाट्या लावून उपयोग नसतो. दोन वर्षांत शेवाळ त्या गिळून टाकतं. फोनचा उपयोग वेळ बघण्यापुरता. म्हणून वर जाणारा प्रत्येक जण, मग तो जंगलखात्याचा रखवालदार असो, गुरांचा डॉक्टर असो की आगीचा बंब, मांडीवर वाटवही ठेवून जातो. गिरणीच्या फाटकापाशी मीटर शून्यावर करा, इतक्या किलोमीटरवर दगडी पूल, इतक्यावर मोरी, इतक्यावर डावा फाटा घ्या. अशा चौसष्ट वाटा, चौसष्ट पानं. चार वर्षांतून एकदा दोघी बहिणी जीप घेऊन सगळ्या वाटा पुन्हा तुडवत आणि आकडे तपासत, आणि खातं नवी वही छापत असे. मधल्या वर्षांत पावसाने वाहून नेलेल्या वाटा तेवढ्या बघायच्या.

उरलेलं वर्ष धाकटी शाळेच्या ग्रंथालयात बसून फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवायची. तिला कुणी विचारलं, काय करता, तर ती म्हणायची, ग्रंथालयात असते. पण मनात म्हणायची, जीपमध्ये असते.

आणि नेमकी तीच जागा आता जायच्या बेतात होती.

"डबी येतेय," थोरलीने गिरणीच्या फाटकापाशी गाडी थांबवत सांगितलं. सकाळचे आठ वाजले होते. करवतीचा आवाज अजून सुरू व्हायचा होता, फक्त ओल्या भुशाचा वास सुटला होता. "खात्याच्या साहेबांनी दाखवली मला. एवढीशी. पुढे काचेपाशी चिकटवायची, की कुठून कुठे गेलो ते आपलं आपण लिहून ठेवते."

"मोरीला कठडा आहे की नाही ते लिहिते?"

"मोरीचं काय घेऊन बसलीस."

"झाड वठलंय का ते?"

"अगं, वठलेल्या झाडाशी बंबवाल्याला काय करायचंय? शेक घ्यायचाय त्याला त्याचा? मी तुला केव्हाची सांगतेय, हे मोऱ्या नि झाडं काढून टाक, एका वाटेला अर्धं पान पुरेल."

धाकटीने पेन्सिलीला टोक काढलं. तिच्या पुढ्यात लिहायची लाकडी फळी होती, डॅशबोर्डला दोन स्क्रूंनी बसवलेली. त्यातला एक स्क्रू ढिला झाला होता आणि गाडी सुरू असली की फळी दात वाजवल्यासारखी कडकड करायची. आठवडाभर ती थोरलीला सांगत होती, ताई, एवढा स्क्रू पिळ. आठवडाभर थोरली म्हणत होती, आता कशाला, काढायचीच आहे ती.

डबी येण्यामागे कारण होतं, आणि दुखणं तेच होतं. यंदा आकडे जुळत नव्हते. पहिल्या नऊ वाटा झाल्या, आणि नऊच्या नऊ वाटांवर धाकटीचे जुने आकडे चुकीचे निघाले. जिथे तिने सोळा किलोमीटर लिहिले होते तिथे मीटर पंधरा दाखवत होता. आठच्या जागी साडेसात. सगळीकडे तिने जास्तच लिहिलेलं. थोरलीने पहिल्यांदा भुवया उंचावल्या, दुसऱ्यांदा हसली, आणि पाचव्या वाटेनंतर हसायची थांबली, ते धाकटीला सगळ्यात जास्त लागलं.

"चाळिशीनंतर डोळे दगा देतातच," थोरली म्हणाली होती. "माझेही दिले. मी चष्मा लावला. तू लावला नाहीस."

डोळे आणि गुडघा. गुडघ्याचं धाकटीने कुणाला सांगितलं नव्हतं. हल्ली जीपमध्ये चढताना तिचा उजवा गुडघा कुरकुरायचा. पूर्वी एका पावलात बसणारी ती, आता वरची दांडी धरून स्वतःला ओढून घ्यायची. रोज तीच पायरी, तीच गाडी, आणि रोज ती थोडी वर गेल्यासारखी वाटायची. म्हातारपण असंच येत असावं, तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

तिची एक पद्धत मात्र तिने सोडली नव्हती. चुकलेला आकडा ती कधी खोडरबराने पुसायची नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायची, म्हणजे जुना वाचता येतो. थोरली याला कंजूषपणा म्हणायची. मग घरी थोरली त्या कागदावरून स्वच्छ प्रत टाइप करायची, तीत रेघही नसायची आणि जुना आकडाही.

आजची वाट वहीतली सतरावी, यंदाची दहावी. गेल्या आठवड्यात ती दुरुस्त करून झाली होती. आज ती पुन्हा एकदा चालवून बघायची, शुक्रवारी छापायला द्यायची. आणि आज कोरी फेरीही होती.

कोरी फेरी म्हणजे या कामाचा जुना शिरस्ता. ज्याने ती वाट कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हातात फक्त स्वच्छ प्रत द्यायची आणि त्याला एकट्याला सोडायचं. कुणाला विचारायचं नाही, डोकं चालवायचं नाही, कागद म्हणेल तिथे वळायचं. पोचला, तर पान छापायचं. आज खात्याचे एक बंबवाले एकटेच निघणार होते, पाण्याने भरलेला बंब घेऊन, बहिणींच्या मागून दोन तासांनी. ते खात्यात नवीन नव्हते, पण या बाजूला कधी आले नव्हते. टोकाच्या टेहळणीच्या मनोऱ्यापाशी सगळ्यांनी भेटायचं ठरलं होतं.

"शून्य," थोरलीने मीटरचं बटण दाबलं.

"शून्य," धाकटीने लिहिलं.

रस्ता सुरुवातीला सभ्य होता. मग गिरणीचं शेवटचं छप्पर मागे पडलं आणि त्याने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. आधी खडी, मग मुरूम, मग नुसतेच दगड, मधे गवताची शेंडी ठेवलेल्या दोन चाकोऱ्या. दोन्ही बाजूंनी नेचे गाडीच्या आत डोकावत होते. थोरली शिट्टी वाजवत, पायी चालणाऱ्याच्या वेगाने चालवत होती. पूर्वी या टप्प्यात जीपचं पोट दगडांना घासायचं आणि थोरली रस्त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करायची. यंदा एकदाही घासलं नव्हतं.

"रस्ता सुधारला हं," ती म्हणाली.

"कुणी सुधारला? इथे चार वर्षांत चिटपाखरू आलेलं नाही."

"आपोआप. माणसंसुद्धा सुधारतात कधीकधी."

"पूल," धाकटी म्हणाली. "एक-पाच."

जुना आकडा एक-सहा, म्हणजे एक किलोमीटर सहाशे मीटर, त्यावर रेघ. नवा एक-पाच. आज पुन्हा एक-पाच.

तीन-शून्यला मोरी, कठडा एकाच बाजूला. जुना तीन-दोन. सहा-शून्यला वीज पडून वठलेलं झाड. जुना सहा-चार. प्रत्येक वेळी मीटरने गेल्या आठवड्याच्या आकड्याशी इमान राखलं आणि धाकटीच्या जुन्या आकड्याला तोंडघशी पाडलं.

"बघ," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता. "जुळतंय की नाही? दोनदा जुळलं म्हणजे झालं. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, पण तेव्हा तू नवखी होतीस."

"गेल्या खेपेला नवखी नव्हते. तेव्हा हेच आकडे मी तपासले होते."

"म्हणजे तेव्हाही डोळे..."

"ताई, एक सांगू?" धाकटीने पेन्सिल फळीवर ठेवली, फळीने ती लगेच खाली पाडली. ती उचलायला वाकूनच ती बोलली. "माणूस चुकतो तेव्हा वेडावाकडा चुकतो. कधी जास्त लिहील, कधी कमी. ही माझी चूक बघ ना. तीनला दोन दशांश जास्त, सहाला चार दशांश. पुढे गेलं की वाढते, आणि रांगेत वाढते. शाळेतल्या मुलींसारखी, उंचीप्रमाणे. मी इतकी शिस्तीत कशी चुकेन?"

"तू मुळातच शिस्तीची आहेस," थोरली म्हणाली, आणि पुन्हा शिट्टी वाजवायला लागली.

नऊ-आठला डावीकडे एक रस्ता फुटला. तो जुन्या दगडखाणीकडे जायचा. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली असतील. सगळा दगड काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्यात हिरवं पाणी साठलं होतं आणि काठाचं कुंपण कधीच गंजून पडलं होतं. वाटवहीत या फाट्याचा उल्लेख नव्हता. न जाणारे रस्ते लिहायचे नाहीत, हाही शिरस्ताच. लिहायला बसलं तर मेलेले रस्ते जिवंतांपेक्षा दुप्पट भरतील.

दहा-पाचला दुसरा डावा फाटा आला, तो खरा. थोरलीने वळण घेतलं, मीटर पुन्हा शून्यावर केला.

"जुना काय होता?"

"अकरा-दोन."

"सातशे मीटर," थोरली म्हणाली. "सातशे मीटर म्हणजे थोडंथोडकं नाही गं. बंबवाल्याने तुझ्या जुन्या आकड्यावर भरवसा ठेवला असता तर हा फाटा मागे टाकून पुढे गेला असता."

धाकटीने शून्य-तीनला मोरी लिहिली, खाली पाण्याचा आवाज, उन्हाळ्यातही. तिचं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, आणि त्याचा तिला राग आला. खिडकीबाहेर झाडं मागे जात होती आणि ती एकेका झाडाला मनात निरोप देत होती, फार नाही, पुस्तक परत करताना देतात तेवढा. पुढच्या खेपेला इथून डबी जाईल. डबीला पाण्याचा आवाज येणार नाही. येऊ दे न येऊ दे.

तो धोंडा तिने पाहिला, थोरलीनेही पाहिला, पण चाकाने आधी पाहिला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि जीप मागून बसली.

"गेलं," थोरली म्हणाली आणि इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की जंगलच दचकल्यासारखं वाटलं.

मागचं उजवं चाक फाटलं होतं, चांगलं वीतभर. थोरलीने बाह्या वर केल्या. पंक्चर काढणं हा तिचा आवडता प्रांत. लग्न गॅरेजवाल्याशी झालं होतं, आणि नवऱ्यापेक्षा आपणच नट लवकर काढतो असं तिचं मत होतं. त्यावर नवऱ्याचं काय मत होतं ते त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. तिने जॅक लावला, पाना मारला, चाक काढून बाजूच्या चढाला टेकवलं. धाकटीने मागच्या दारावरची स्टेपनी सोडवली आणि घरंगळत आणून त्याच चढाला, त्या चाकाशेजारी उभी केली.

आणि तशीच उभी राहिली.

"दे की," थोरलीने हात पुढे केला.

"ताई, हे बघ."

"काय बघू? चाक आहे."

"दोन आहेत."

थोरलीने मान वळवली. दोन चाकं शेजारी शेजारी उभी होती, थोरली आणि धाकटीसारखी. काढलेलं चाक, फाटलेलं असूनसुद्धा, स्टेपनीपेक्षा चांगलं तीन बोटं उंच होतं.

"हे लहान का आहे?" थोरलीने विचारलं.

"हे लहान नाहीये," धाकटी म्हणाली. "हे आपलं जुनं माप आहे. भाऊजींनी टायर कधी बदलले?"

"महिना झाला. पोट घासतं म्हणून मी कटकट करायचे, म्हणून त्यांनी..." थोरलीचं वाक्य तिथे अडकलं. "एक नंबर मोठे घातलेत म्हणाले. पाचवं कशाला, स्टेपनी लागते कधी, म्हणाले."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? तू रोज बघत होतीस की. चारही नवे कोरे, काळेकुट्ट. पहिल्या दिवशी तूच म्हणालीस, छान दिसतात."

ते खरं होतं. धाकटी म्हणाली होती, छान दिसतात. अकरा वर्षं जे दोन डोळे मीटरवर खिळलेले होते त्यांनी टायर पाहिले, कौतुक केलं, आणि पुन्हा मीटर बघायला लागले. रस्ता आपोआप सुधारला होता, पायरी आपोआप उंच झाली होती, गुडघा म्हातारा झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळसासुद्धा त्या कळशावर बसूनच घातला होता.

तिने जीपमधून टेप आणला, पुलांची रुंदी मोजायचा. आधी स्टेपनीभोवती गुंडाळला, मग मोठ्या चाकाभोवती.

"दोनशे सव्वीस. आणि हे दोनशे एक्केचाळीस." कागदाच्या कडेला तिने भागाकार केला. चाक मोठं, म्हणजे तेवढंच अंतर जायला फेरे कमी, आणि मीटरला बिचाऱ्याला फेरेच मोजता येतात. सोळा किलोमीटर गेलो की तो म्हणणार पंधरा. तिने साडेदहाला सोळाने गुणलं, पंधराने भागलं. उत्तर आलं अकरा पूर्णांक दोन.

तिने ते थोरलीला दाखवलं नाही. कागद फक्त तिच्या बाजूला सरकवला.

थोरलीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझे जुने सगळे बरोबर."

"हो."

"नऊच्या नऊ वाटा."

"दहा. ही धरून."

थोरली काहीतरी बोलणार होती. माफी वगैरे नाही, त्या घरात ती चाल नव्हती. पण काहीतरी. तेवढ्यात धाकटीनेच मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"ताई, बंबवाल्यांकडे स्वच्छ प्रत आहे. त्यांच्या मीटरला काही झालेलं नाही. ते साडेदहा किलोमीटरला डावा फाटा शोधणार. खरोखरच्या साडेदहाला."

"मग? तिथे फाटा नाहीच..." थोरली थांबली.

खरोखरच्या साडेदहा किलोमीटरला, म्हणजे जीपच्या मीटरवरच्या नऊ-आठला, फाटा होता. खाणीचा.

यानंतर थोरलीने स्टेपनी ज्या वेगाने चढवली ते बघायला तिचा नवरा हवा होता. जीप एका बाजूला कललेली, एक पाय आखूड झालेल्या खुर्चीसारखी, तशीच तिने ती चार खेपांत वळवली आणि खाली सोडली. फळी कडाकडा वाजत होती.  धाकटीच्या मनात एकच हिशेब चालला होता, बंब दहा वाजता निघणार होता, आता साडेअकरा होत आलेत, भरलेला बंब चढाला ताशी दहापेक्षा जास्त जात नाही. हिशेब नीट सुटत होता आणि उत्तर चांगलं येत नव्हतं.

मोठ्या रस्त्याला लागून त्या खाली आल्या. खाणीच्या फाट्यापाशी थोरलीने ब्रेक दाबला. नेचे मोडले होते. ओल्या मातीत रुंद, ताजे, दुहेरी चाकांचे ठसे आत गेले होते.

"उतर आणि पुढे बघ," थोरली म्हणाली. "नको, बस. बसूनच राहा."

आतला रस्ता उताराचा आणि इतका अरुंद होता की फांद्या दोन्ही आरशांना चाटत होत्या. एवढ्यातून बंब गेलाच कसा हे बंबालाच ठाऊक. एक वळण, दुसरं वळण. दुसऱ्या वळणानंतर समोर लाल रंग दिसला, आणि त्याच्या पलीकडे, झाडं एकाएकी संपून, नुसतं आभाळ.

बंब उभा होता. इंजिन बंद, चाकांमागे दगड लावलेले. पुढच्या पायरीवर बंबवाले बसले होते आणि उकडलेलं अंडं सोलत होते. टरफलं ते एका कागदात नीट जमा करत होते.

"या," ते म्हणाले. "दोघीही आलात. मला वाटलं, मनोऱ्यावर वाट बघत असाल."

थोरलीने गाडीतून उतरून आधी बंबाच्या पुढे जाऊन बघितलं. काठ तीस पावलांवर होता. मधे रस्त्याला एक हलकंसं वळण आणि दाट गवत, त्यामुळे बंबातून तो दिसलाही नसता. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"तुम्ही थांबलात का?" तिने विचारलं. "कोऱ्या फेरीत थांबायचं नसतं."

"थांबलो कारण मोरी आली नाही." बंबवाल्यांनी खिशातून स्वच्छ प्रत काढली, घडीवर बोट ठेवलं. "साडेदहाला डावा फाटा. आला, वळलो. मीटर शून्य केला. शून्य-तीनला मोरी, खाली पाण्याचा आवाज. शून्य-तीन आले, मोरी नाही. खिडकी उघडून ऐकलं, आवाजपण नाही. शून्य-चार झाले. मग थांबलो."

"कधी कधी राहून जाते एखादी मोरी," थोरली म्हणाली. ती असं का म्हणाली कुणास ठाऊक.

"छे. धाकट्या बाईंची?" बंबवाल्यांनी अंड्याला मीठ लावलं. "नऊ वर्षं मी त्यांच्या वहीवर गाडी चालवतोय, पलीकडच्या डोंगरात. फाटा एखादवेळी चुकेल, मी मान्य करतो, फाट्यांची भानगडच असते. पण मोरी कधी चुकली नाही. त्यांनी लिहिलंय मोरी आहे आणि मला दिसत नाही, म्हणजे मी भलतीकडे आहे. सरळ आहे. म्हटलं, जेवून घ्यावं, कुणीतरी येईलच."

धाकटी जीपच्या दाराला धरून उभी होती. तिने विचारलं, "मीठ पुरेसं आहे का?"

"आहे की. अंडं घ्या एक."

तिने घेतलं.

काठ बघून आल्यावर बंबवाल्यांनीही ते अर्धवट अंडं खाली ठेवलं आणि थोडा वेळ काही खाल्लं नाही. मग कामाला लागले. बंब वळवायला जागा नव्हती, चारशे मीटर मागेच न्यायचा होता. धाकटीला गाडी मागे घेता यायची नाही, पण दुसऱ्याची मागे घेववता यायची. थोरलीने जीप आधी बाहेर काढली. धाकटी बंबाच्या मागे उलटी चालत राहिली, दोन्ही हात वर, "येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, तुमच्या डावीकडे, येऊ द्या," दोन्ही वळणं पार होईपर्यंत. एका ठिकाणी ती नेच्यांत धपकन बसली आणि बसल्याबसल्याच हात हलवत राहिली. गुडघा अजिबात कुरकुरला नाही.

फाट्यापाशी पोचल्यावर तिने बंबवाल्यांच्या हातातली प्रत घेतली, दहा-पाचवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी अकरा-दोन लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली आणि मनोऱ्याकडे निघून गेले.

जीपपाशी थोरली बॉनेटला टेकून उभी होती.

"बाकीच्या नऊंचं काय करायचं?" तिने विचारलं.

"काही नाही. जुने आकडे रेघेखाली आहेत सगळे. तू फक्त पुन्हा टाइप कर."

"बरं झालं पुसले नव्हतेस."

"मी कंजूष आहे ना."

थोरली हसली नाही. धाकटी सीटवर चढली, उंच पायरीवरून, दांडी धरून, आणि तिला वाटलं की आता खरं ते बोलून टाकलेलं बरं, नाहीतर ते आत सडेल.

"ताई, एक आहे. डबीकडून ही चूक झाली नसती. ती चाकं मोजत नाही, वरच्या उपग्रहांना विचारते. ती असती तर पहिल्याच दिवशी सोळाला सोळा म्हणाली असती."

थोरलीने मागून हत्यारांची पिशवी काढली. मग दार उघडून आत बसली. मांडीवर पाना होता, नट काढायचा, आणि त्याच्याबरोबर तो छोटा पेचकस, जो ती कधीच कुणाला द्यायची नाही.

"येऊ दे डबी," ती म्हणाली. "साहेबांनी दिलीय तर लावू. ती फाटे सांगेल." ती पुढे वाकली आणि फळीचा ढिला स्क्रू पिळायला लागली. एक वेढा, दोन, तीन. शेवटच्या वेढ्याला तिने दात आवळले. मग हाताने फळी हलवून बघितली. ती हलली नाही.

"आणि भाऊजींना काय सांगणार?"

"सांगते, टायर छान आहेत. पाचवा आणा." थोरलीने गाडी सुरू केली. जीप कललेलीच होती, इंजिन घुमायला लागलं तरी फळी मात्र गप्प होती. "चल. हा फाटा पण लिही. डावीकडे, खाण, जाऊ नका."

"न जाणारे रस्ते आपण लिहीत नाही."

"आजपासून लिहितो. किती धरशील?"

तीन चाकं मोठी आणि एक लहान, त्यामुळे मीटरचं आता काही खरं नव्हतं. धाकटीने सकाळचं नऊ-आठ घेतलं, कागदाच्या कडेला सोळाने गुणलं, पंधराने भागलं.

"दहा-पाच," ती म्हणाली, आणि लिहिलं.